डॉ. मारिया माँटेसोरी : बालकांच्या हाती अक्षर देणारी विदुषी

आमच्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेत येथे सेवा करून गेलेले धर्मगुरू, धर्मभगिनी आणि मंदिरासाठी खपलेले जुने जाणते ह्यांच्या पंक्तीस एका परदेशस्थ बाईंचे चरित्र आम्ही का बसवीत आहो, असा प्रश्न कोणी करील. उत्तर सोपे आहे. बालवर्गातील जी चिमुकली मुले खरखरीत अक्षरांवरून बोट फिरवितात, पुठ्ठ्याची अक्षरे जुळवून शब्द करितात आणि चिठ्ठी वाचून त्या नावाची वस्तू शोधून आणितात, ती सर्व ह्या बाईंची ऋणी आहेत. त्यांच्या आईबापांस मात्र माँटेसोरी हे शाळेच्या पाटीवरील एक भारदस्त नाव, एवढेच बहुधा ठाऊक असते. ह्या बाई कॅथलिक कुळात जन्मल्या, कॅथलिक स्मशानभूमीतच त्यांनी चिरविश्रांती घेतली, आणि त्यांच्या आयुष्यातील एका हृद्य प्रसंगाचा संबंध आमच्या महाराष्ट्रातील अहमदनगर शहराशी, म्हणजे आजच्या अहिल्यानगराशी आहे, हे तर फारच थोड्यांस माहीत असेल.

मारियाबाईंचा जन्म इटलीतील आंकोना शहराजवळच्या क्यारावाल्ले ह्या गावी ३१ ऑगस्ट १८७० रोजी झाला. वडील आलेस्सांद्रो हे सरकारी नोकरीतले, जुन्या वळणाचे गृहस्थ; आई रेनिल्दे ही त्या काळच्या मानाने पुष्कळच वाचलेली. १८७५ साली हे कुटुंब रोम शहरी राहावयास आले. मुलगी गणितात हुशार निघाली. तिने प्रथम यंत्रविद्येचा आणि पुढे वैद्यकाचा ध्यास घेतला. वडिलांस तो रुचला नाही; आईने मात्र पाठ राखिली. पुरुष विद्यार्थ्यांसमवेत एका तरुणीने शवच्छेदन करावे हे त्या काळी अशिष्ट समजले जाई. म्हणून हा अभ्यास तिला सायंकाळी, सर्व निघून गेल्यावर, एकटीने करावा लागला. १० जुलै १८९६ रोजी रोमच्या विद्यापीठाची वैद्यकीय पदवी त्यांस मिळाली. इटलीत ज्या पहिल्या थोड्या स्त्रिया डॉक्टर झाल्या, त्यांपैकी ह्या एक होत.

पदवीनंतर विद्यापीठाच्या मनोरुग्णालयात काम करीत असता त्यांस शहरातील वेड्यांच्या इस्पितळांत जावे लागे. तेथे मतिमंद मुलांस मोठ्या वेड्यांबरोबर उघड्या भिंतींच्या खोल्यांत कोंडून ठेवीत. हाती धरावयास वस्तू नाही, डोळ्यांस पाहावयास चित्र नाही. मुले जेवणानंतर जमिनीवर सांडलेले पावाचे कण चिवडीत बसत. रखवालदारणीस ह्यात केवळ हावरेपणा दिसे. मारियाबाईंस मात्र त्यात बोटांची भूक दिसली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ह्या मुलांचे दुखणे औषधापेक्षा शिक्षणाचे आहे, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी इतार व सेगँ ह्या दोघा फ्रेंच वैद्यांचे ग्रंथ शोधून काढिले. इतारने आव्हेरोंच्या रानात सापडलेल्या एका मुलास माणसांत आणण्यासाठी वर्षानुवर्षे यत्न केले होते, आणि त्याचा शिष्य सेगँ ह्याने मतिमंदांच्या शिक्षणाची साधने तयार केली होती. छापखाने निघण्यापूर्वी बेनेडिक्टाइन संन्यासी जसे ग्रंथ हाताने उतरून घेत, तसे मारियाबाईंनी हे ग्रंथ आपल्या हाताने इटालियन भाषेत उतरून काढिले. घाईने वाचले तर अर्थ हातून निसटेल, ही भीती त्यामागे होती.

१९०० साली रोम येथे मतिमंद मुलांसाठी व त्यांच्या शिक्षकांसाठी एक विद्यालय निघाले. डॉ. जुझेप्पे मोंतेसानो ह्यांच्यासमवेत मारियाबाई त्याच्या संचालिका झाल्या. येथेच अक्षरविद्येच्या साधनांस आरंभ झाला. त्यांनी लाकडाची सुंदर वळणदार अक्षरे करविली. व्यंजनांस निळा रंग, स्वरांस लाल. जोडीस चित्रांचे तक्ते होते. प्रत्येक तक्त्यावर एका वस्तूचे चित्र आणि त्या वस्तूच्या नावाचे पहिले अक्षर. मुलाने अक्षर पाहावे, त्यावरून बोट फिरवावे, त्याचा उच्चार ऐकावा व करावा, असा पाठ असे. हाताचे वळण बसले की लेखणी दूर राहत नाही, हे त्यांस येथे कळले. ह्या विद्यालयातील काही मुले सरकारी शाळेच्या वाचन-लेखनाच्या परीक्षेस बसली आणि धडधाकट मुलांबरोबर उत्तीर्ण झाली. लोकांनी चमत्कार म्हणून टाळ्या वाजविल्या. मारियाबाईंस मात्र निराळीच चिंता लागली : आपली दुबळी मुले जर निरोगी मुलांच्या बरोबरीस येतात, तर निरोगी मुलांस इतके मागे कोणी ओढून ठेविले आहे?

येथे एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. जुन्या चरित्रांत ती गाळीत असत. ३१ मार्च १८९८ रोजी मारियाबाईंस एक पुत्र झाला. त्याचे नाव मारिओ. पिता डॉ. मोंतेसानो होत. दोघांचा विवाह झाला नाही. बोभाटा होऊ नये म्हणून बाळास रोमबाहेर खेड्यातील एका कुटुंबात ठेवण्यात आले. आई अधूनमधून भेटीस जाई, पण आपण कोण हे मुलास सांगण्याची तिला सोय नव्हती. १९०१ साली डॉ. मोंतेसानो ह्यांनी अन्य स्त्रीशी विवाह केला आणि मारियाबाईंनी ते विद्यालय सोडिले. आम्ही ह्याचा न्याय करावयास बसलो नाही. तो करणारा वेगळा आहे. परंतु जिने जगातील मुलांसाठी घरे उघडिली, तिच्या स्वतःच्या मुलास तिच्या घरी जागा नव्हती, हे ध्यानी न घेता पुढील हकिकत वाचणे म्हणजे अर्धीच हकिकत वाचणे होईल, असे आम्हांस वाटते.

विद्यालय सोडिल्यावर त्या पुन्हा विद्यापीठात विद्यार्थिनी झाल्या आणि तत्त्वज्ञान, मानसशास्त्र व मानवशास्त्र ह्यांच्या अभ्यासास लागल्या. निरोगी मुलांवर आपली साधने लावून पाहण्याची संधी त्यांस १९०७ साली मिळाली. रोमच्या सान लोरेन्झो ह्या दरिद्री वस्तीतील मोडकळीस आलेल्या चाळी एका इमारत कंपनीने दुरुस्त करून मजूर कुटुंबांस भाड्याने दिल्या होत्या. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली पोरे जिने व भिंती खराब करीत. रोज रंगसफेदी करण्यापेक्षा मुलांस एका खोलीत सांभाळणे स्वस्त पडेल, असा कंपनीचे चालक एदुआर्दो तालामो ह्यांनी हिशेब केला. परोपकाराचा उगम कधी कधी असा जमाखर्चाच्या वहीत असतो! ६ जानेवारी १९०७ रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, मार्सी रस्त्यावरील ५८ क्रमांकाच्या घरात ही खोली उघडली. तिला पुढे ‘कासा देइ बांबिनी’, म्हणजे बालकांचे घर, असे नाव पडले. तीन ते सहा वर्षांची पन्नासाहून अधिक मुले तेथे जमली. बहुतेक रडवेली, भेदरलेली, आणि आईबाप प्रायः निरक्षर.

इतक्या लहान वयात लिहिणे-वाचणे शिकवावे असा मारियाबाईंचा मुळीच विचार नव्हता. सहा वर्षांपूर्वी अक्षर दाखवू नये, हा त्या काळच्या शिक्षकांचा समज त्यांचाही होता. आग्रह धरिला तो चाळीतील आयांनी. मुले हाताने वस्तू मांडावयास, बटणे लावावयास, रंग ओळखावयास शिकली हे पाहून, आम्हांस जे आले नाही ते ह्यांस शिकवा, असे त्या माउल्या येऊन विनवू लागल्या. आमच्या धर्मग्रामातही चार वर्षांच्या मुलास पाटी गिरविता येत नाही म्हणून कासावीस होणारे पालक आहेत. भेद इतकाच की सान लोरेन्झोच्या मुलांचा हात आधी कित्येक महिने तयार होत होता. आमच्याकडे हात तयार नसताच पेन्सिल दिली जाते.

मारियाबाईंस प्रथम वाटले की पूर्वीच्या विद्यालयातल्याप्रमाणे लाकडी रंगीत अक्षरे पाहिजेत. रोममध्ये तसा कारागीर मिळेना, आणि मिळाला असता तर खर्च झेपेना. वाट पाहण्यात सुमारे दोन महिने गेले. अखेर त्यांनी व शिक्षिकांनी साध्या कागदाची मोठी अक्षरे कातरली, एका बाजूस ओबडधोबड निळा रंग दिला, आणि बोटाने चाचपण्यासाठी सुतार लाकूड घासावयास वापरतात त्या काचकागदाची अक्षरे कापून गुळगुळीत पुठ्ठ्यावर चिकटविली. आणि मग त्यांच्या ध्यानात आले की ह्या कागदी अक्षरांपुढे ती लाकडी राजेशाही अक्षरे काहीच नव्हेत! लाकडी अक्षर एकेकच असावयाचे, तेव्हा त्याने शब्द कसा जुळवावा? कागदाचे अक्षर पाहिजे तितके कापता येते. एकाच वेळी अनेक मुले अनेक शब्द जुळवू शकतात. आपण श्रीमंत असतो तर त्या जुन्या सुंदर पण वांझ वर्णमालेतच अडकून पडलो असतो, अशा अर्थाचे त्यांनी स्वतः लिहून ठेविले आहे. ज्या बालवर्गाच्या पेटीत फारसे पैसे नाहीत, त्याच्या चालकांनी माँटेसोरीच्या नावाने विकावयास येणारी महागडी साधने पाहून हिरमुसले होण्याचे कारण नाही.

आता पाठाची रीत सांगतो. कारण ती न सांगता चरित्र पुरे होत नाही. शिक्षिका मुलास दोन अक्षरे दाखवी. पहिल्या पायरीस ती स्वतः अक्षरावरून दोन बोटे, तर्जनी व मध्यमा, लिहिण्याच्या दिशेने फिरवी आणि अक्षराचे नाव न सांगता त्याचा ध्वनी उच्चारी. मूल तसेच करी. दुसऱ्या पायरीस ती ध्वनी उच्चारून ते अक्षर मागे, आणि मूल उचलून देई. तिसऱ्या पायरीस ती अक्षरावर बोट ठेवी, आणि मूल ध्वनी सांगे. मूल चुकले तर रागावणे नाही, पुन्हा विचारणे नाही. पाठ तेथेच मिटवून दुसऱ्या दिवशी घ्यावयाचा. ही तीन पायऱ्यांची रीत मूळची सेगँची. डोळा, बोट आणि कान ही तिन्ही एकाच वेळी त्या अक्षरास भेटत. कित्येक मुलांस पाहून अक्षर ओळखता येत नसे, ती बोट फिरविताच ओळखीत. डोळे मिटून हा खेळ करण्याची तर मुलांस मोठी हौस. पुढे कप्पे केलेल्या पेटीतून अक्षरे वेचून मूल जमिनीवर शब्द मांडी. लेखणी धरण्याची शक्ती नाही, पण शब्द मनात आहे, अशा मुलास हा मार्ग मोकळा झाला. लेखणीसाठी हात निराळाच तयार होत असे. धातूच्या चौकटींच्या कडेने रेघ ओढून आतील आकृती रंगीत पेन्सिलींनी भरणे, हा त्याचा अभ्यास.

त्या वर्षीच्या डिसेंबरात एके दिवशी छान ऊन पडले होते म्हणून मुलांस गच्चीवर नेले. मारियाबाई एका धुराड्याशेजारी बसल्या होत्या. पाच वर्षांच्या एका मुलास खडू देऊन त्यांनी धुराड्याचे चित्र काढावयास सांगितले. त्याने फरशीवर ते काढिले आणि बाईंनी त्याची पाठ थोपटली. मुलगा हसला, क्षणभर स्तब्ध राहिला आणि आपल्यास लिहिता येते असे आनंदाने ओरडत सुटला. गुडघे टेकून त्याने फरशीवर ‘हात’ हा शब्द लिहिला, मग ‘धुराडे’, मग ‘छप्पर’. त्याच्या ओरडण्याने दुसरी मुले धावत आली. त्यांनीही खडू मागितले आणि कित्येकांनी आयुष्यात प्रथमच एक एक शब्द लिहिला. ह्यांपैकी एकाही मुलाने तोवर कधी अक्षर लिहिले नव्हते. त्यानंतर मुलांस लिहिण्याचे वेडच लागले. दारांवर, भिंतींवर, फार काय घरच्या पावावरही ती लिहू लागली!

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही मुले आधी लिहू लागली आणि काही काळ लोटल्यावर वाचू लागली. आपल्या मनातील शब्द जुळविणे सोपे. परक्याने लिहिलेला शब्द उलगडून त्याचा अर्थ काढणे कठीण. त्यासाठी मारियाबाईंनी चिठ्ठ्या केल्या. चिठ्ठीवर खेळण्याचे नाव. जो ती बरोबर वाचील त्याने ते खेळणे घेऊन हवा तितका वेळ खेळावे. परंतु मुलांनी खेळणी बाजूस सारिली आणि चिठ्ठ्यांमागून चिठ्ठ्या वाचण्यातच ती रमली. मग चिठ्ठ्यांवर आज्ञा लिहिल्या जाऊ लागल्या. मूल चिठ्ठी मुकाट्याने वाची आणि उठून ती क्रिया करी. मुलास अर्थ कळला की नाही हे त्याच्या कृतीवरून दिसे. मोठ्याने घोकून घेतलेल्या वाचनातून ते कधीच कळत नाही.

ही वार्ता लवकरच पसरली. १९०८ च्या डिसेंबरात मेस्सिना येथे भयंकर भूकंप झाला. त्यात पोरकी झालेली मुले रोमच्या जुस्ती रस्त्यावरील फ्रान्सिस्कन धर्मभगिनींच्या मठात आणिली होती. तेथेही बालकांचे घर निघाले. १९०९ साली मारियाबाईंचा पद्धतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याची अनेक भाषांत रूपांतरे झाली. १९१२ साली त्यांची आई वारली. त्यानंतर मारिओ, आता पंधराच्या घरातला, आईजवळ येऊन राहिला. जगापुढे मात्र तो पुष्कळ वर्षे भाचा किंवा मानलेला मुलगा म्हणूनच वावरला.

कॅथलिक वर्तुळात ह्या पद्धतीविषयी काही काळ संशय होता, हे लपविण्यात अर्थ नाही. मुलास मोकळीक दिली की ते आपोआप सन्मार्गास लागते असे म्हणणे म्हणजे आदिपाप नाकारणेच होय, असा आक्षेप अनेक धर्मपंडितांनी घेतला. परमगुरू अकरावे पायस ह्यांनी ३१ डिसेंबर १९२९ च्या शिक्षणविषयक विश्वपत्रात निसर्गवादी शिक्षणाचा निषेध केला. मात्र त्यात मारियाबाईंचे नाव नाही. आमचे मते आक्षेप घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी बालकांचे घर आतून पाहिले नसावे. तेथील मोकळीक अनिर्बंध नव्हती. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, घेतलेली वस्तू जागच्या जागी ठेवावयाची, दुसऱ्याच्या कामात हात घालावयाचा नाही. खुद्द परमगुरू पंधरावे बेनेडिक्ट ह्यांनी १९१८ साली मारियाबाईंच्या कार्यास आशीर्वाद दिला होता. स्पेनमधील बार्सिलोना येथे तर त्यांनी मुलांसाठी एक चिमुकले प्रार्थनामंदिरच मांडिले. खुर्च्या लहान, पवित्र पाण्याचे पात्र मुलांच्या हातास येईल इतके खाली. बागेत मुले गहू पेरीत व द्राक्षवेली वाढवीत, आणि त्यांतूनच पवित्र मिस्साच्या भाकरीचा व द्राक्षरसाचा अर्थ शिकत. अक्षराप्रमाणे श्रद्धाही प्रथम हाताला व डोळ्यांना भेटावी, असा हा विचार. मिस्साविधी मुलांस समजावून देणारे त्यांचे पुस्तक १९३२ साली निघाले. ह्याच बीजातून रोम येथे सोफिया काव्हालेत्ती व जान्ना गोब्बी ह्यांनी १९५४ पासून बालकांच्या धर्मशिक्षणाची जी पद्धती वाढविली, ती पुढे पुष्कळ देशांतील धर्मग्रामांत गेली.

इटलीच्या मुसोलिनीने आरंभी मारियाबाईंचा गौरव केला. पण मुलांस सैनिक करावयाचे आणि स्वतंत्र बुद्धीचेही करावयाचे, हे दोन्ही एकत्र नांदेना. १९३४ च्या सुमारास संबंध तुटले आणि तेथील शाळा बंद पडल्या. १९३६ साली यादवीमुळे बार्सिलोनाही सोडावे लागले. त्या हॉलंडात गेल्या. तेथून १९३९ च्या अखेरीस, एकोणसत्तराव्या वर्षी, थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मारिओसह मद्रासजवळच्या अड्यार येथे आल्या. हे यजमान आमच्या धर्माचे नव्हेत, म्हणून त्या काळी काहींनी नाके मुरडली. परंतु देशोदेशीचे तीनशेच्या आसपास शिक्षक शिकावयास मिळत असता बाईंनी यजमानांचा पंथ पाहावा, अशी अपेक्षा कोणी करावी?

जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि हिंदुस्थानातील इटालियन मनुष्य इंग्रज सरकारच्या लेखी शत्रू ठरला. मारियाबाईंस अड्यारच्या आवारात राहावयास सांगण्यात आले. मारिओस मात्र पकडून अहमदनगरच्या नजरकैदेत ठेविले. पुन्हा तीच ताटातूट. आता आई सत्तरीच्या उंबरठ्यावर. ३१ ऑगस्ट रोजी त्यांस सत्तर वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी व्हाइसरॉयकडून तार आली. वाढदिवसाची भेट म्हणून आपला पुत्र आपणांकडे परत पाठवीत आहो, असा तिचा आशय होता. बेचाळीस वर्षे जो शब्द उघडपणे उच्चारला गेला नव्हता, तो एका परक्या सरकारच्या तारेत लिहून आला.

त्यानंतर मायलेकांनी कोडाईकनाल, अहमदाबाद, कराची, सिलोन अशा ठिकाणी शिक्षकांचे वर्ग चालविले. १९४६ साली ती दोघे युरोपास गेली आणि १९४७ ते १९४९ ह्या काळात पुन्हा येऊन गेली. मराठी मुलखात मात्र ह्या विचाराचे बीज त्यापूर्वीच पडले होते. ताराबाई मोडक ह्या १९२३ साली भावनगरास गिजुभाई बधेका ह्यांच्या बालमंदिरात गेल्या, १९३६ साली त्यांनी दादर येथे शिशुविहार काढिले, आणि १९४५ साली बोर्डी येथे अनुताई वाघ ह्यांच्यासह गरिबांच्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली. शंख-शिंपले, बिया, पाने ह्यांचीच तेथे साधने झाली. आमच्या भाषेस ह्या बाबतीत एक सवड आहे. इंग्रजीत अक्षराचे नाव एक आणि उच्चार दुसरा; बाळबोधीत नाव तोच उच्चार, जवळजवळ इटालियनसारखा. पंतोजींच्या शाळेतील धूळपाटीवर आमचे आजे-पणजे बोटानेच अक्षर गिरवीत, तेव्हा बोटाचा मार्गही आम्हांस परका नाही. अडचण येते ती काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे ह्यांची. त्यांसाठी सुट्या खुणा निराळ्या रंगाने कापून अक्षरास लावून पाहणे हाच उपाय. बाजारातील ‘क कमळाचा’ हा चित्रतक्ता भिंतीवर टांगून ठेविल्याने त्यातले काहीच साधत नाही. ज्या मुलाने तळ्यातले कमळ पाहिले नाही, त्यास तर क आणि कमळ ही दोन्ही सारखीच अपरिचित.

मारियाबाई अखेरपर्यंत फिरत राहिल्या. १९४९, १९५० व १९५१ ह्या तिन्ही वर्षी नोबेल शांतता पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचविले गेले. ते मिळाले नाही. ६ मे १९५२ रोजी हॉलंडातील समुद्रकाठच्या नोर्डवाइक गावी त्यांचा अंत झाला. मारिओ जवळ होते. तेथील कॅथलिक स्मशानभूमीत त्यांस पुरिले. मृत्युपत्रात त्यांनी मारिओ ह्यांस आपला पुत्र म्हणून नमूद केले होते. आईचे काम पुढे तीस वर्षे मारिओ ह्यांनीच चालविले. १९८२ साली तेही वारले.